कापूस वेचणीच्या दिवसांतील दिवाळीची सुट्टी

महाराष्ट्रातील शाळांचे पहिले सत्र आश्विनाच्या उत्तरार्धात परीक्षा आटोपून संपते आणि दिवाळीच्या आगेमागे दोन-अडीच आठवड्यांची सुट्टी लागते. वऱ्हाडात, म्हणजे जुन्या बेरार प्रांतातील अकोला, अमरावती, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांत आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात, ही सुट्टी ज्या पंधरवड्यात येते त्याच पंधरवड्यात सोयाबीन मळून घरी आणायचे असते, कपाशीचा पहिला वेचा काढायचा असतो आणि मोकळ्या झालेल्या रानातली ओल उडून जाण्यापूर्वी हरभरा पेरायचा असतो. शाळेने ज्या दिवसांना विश्रांतीचे ठरवले, त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घराला वर्षातले सर्वाधिक हात लागतात. त्यामुळे या काळातील घरगुती सुखे कामापासून सोडवून, केवळ फराळ, आकाशकंदील आणि पाहुणे यांच्या आठवणींतून मांडण्याची जी पद्धत शहरी दिवाळी अंकांनी रूढ केली, ती येथे फारशी उपयोगी पडत नाही. वऱ्हाडी घरात सणाचा आनंद कामाच्या मधल्या फटींतून, कामाच्या सोबतीने आणि पुष्कळदा कामाच्या मोबदल्याच्या रूपाने येतो, आणि म्हणून तो नीट पाहायचा तर आधी वावरात, म्हणजे शेतात, जावे लागते.

कपाशी या प्रदेशाच्या संसारात मध्यभागी येऊन बसली त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. कापूस त्यापूर्वीही येथे पिकत असे. परंतु १८५३च्या तहाने बेरारचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि १८६७ मध्ये अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्थानकांवरून रेल्वे नागपुरास पोहोचली, तेव्हा काळ्या जमिनीतले हे पीक दूरदेशीच्या भावाशी कायमचे जोडले गेले. घराच्या दृष्टीने या इतिहासाचा परिणाम असा झाला की दिवाळीच्या वेळी कापूस झाडावर दिसत असे, पण त्याचा पैसा हातात नसे. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि भरीचे वेचे मार्गशीर्ष-पौषात, असा हंगाम असल्यामुळे सणाचा खर्च मूग-उडदाच्या विक्रीवर आणि वाण्याच्या उधारीवर भागवला जाई. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हाही शेतकऱ्याला मिळणारी रक्कम, जिला वऱ्हाडात ‘चुकारा’ म्हणतात, कापूस घातल्यानंतर सवडीने हाती येई, आणि घरातल्या लुगड्या-धोतरांचा हिशेब येणाऱ्या चुकाऱ्याच्या भरवशावर दुकानदाराच्या वहीत मांडला जाई.

ही रीत सोयाबीनने बदलली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हे पीक विदर्भात पसरत गेले आणि १९९४ साली प्रसारित झालेले ‘जेएस-३३५’ हे वाण ९५ ते १०० दिवसांत तयार होत असल्यामुळे जूनअखेर पेरलेले शेत दसऱ्याच्या आगेमागे काढणीला येऊ लागले. त्यातून दिवाळीपूर्वी रोख पैसा हाती येण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली, आणि आजही वऱ्हाडातला शेतकरी सोयाबीनकडे दिवाळी काढून देणारे पीक म्हणून पाहतो. मात्र हा पैसा सुखासुखी येत नाही. पक्व शेंगा वेळेवर कापल्या नाहीत तर उन्हाने तडकून दाणे जमिनीवर पडतात, आणि कापून ठेवल्या तर परतीच्या पावसात भिजून काळ्या पडतात. त्यामुळे सोंगणी, म्हणजे विळ्याने पीक कापण्याचे काम, मजुरांच्या टोळीला उक्ते देऊन दोन-तीन दिवसांत उरकले जाते; कापलेल्या पिकाची ‘सुडी’ रचून ती ताडपत्रीने झाकली जाते; आणि मळणीयंत्राचा क्रमांक लागेल त्या वेळी, मग ती रात्रीची दीड-दोनची वेळ का असेना, सगळे घर वावरात हजर होते. यंत्रातून उडणाऱ्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाऱ्यावर लोळण्याचे सुख या रात्रीच्या जागरणात मुलांना फुकट मिळते. त्याच आठवड्यात बाजार समितीत माल नेण्याची घाई असते, कारण दिवाळीच्या दिवसांत समित्यांचे लिलाव बंद राहतात आणि त्यापूर्वी जे विकले जाईल तेवढ्याच पैशांतून कपडे, किराणा आणि फटाके यांची खरेदी होते. अमरावतीच्या जवाहर दरवाजाजवळ किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर या दिवसांत जी गर्दी उसळते, तिच्यात सकाळी सोयाबीन विकून दुपारी मुलांना घेऊन खरेदीला आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने असतात, आणि दही-चटणी घातलेला अमरावतीचा गिला वडा एका ताटलीत दोघांनी खाऊन त्यांचा बाजार पुरा होतो.

सोयाबीनच्या या विस्ताराचा एक परिणाम मुलींच्या खेळात दिसतो. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते: भुलोजी आणि भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वती, त्यांच्या मातीच्या मूर्ती कोनाड्यात किंवा पाटावर मांडून संध्याकाळी मुली टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत न पाहता, वासावरून, आवाजावरून आणि घरच्या आईच्या चेहऱ्यावरून ओळखण्याचा खेळ रंगतो. कोजागिरीच्या रात्री या मूर्तींवर ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर उभारतात. त्याच रात्री घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात, दूध आटवतात आणि दुसऱ्या दिवसापासून गावातल्या विठ्ठल मंदिरात कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालणारी पहाटेची काकड आरती सुरू होते. पूर्वी धांड्यांची वाण नव्हती, कारण प्रत्येक घराच्या वावरात ज्वारी उभी असे. सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र खाल्ले, ज्वारी गेल्याने कडबा गेला, कडबा गेल्याने जनावरे कमी झाली, आणि आता मखरासाठी पाच धांडे आणायचे तर ज्याच्या धुऱ्याकडेला, म्हणजे बांधाजवळ, चार ओळी ज्वारी उरली असेल त्याच्याकडे मुलीला धाडावे लागते. पिकांच्या फेरबदलाची चर्चा हेक्टरांच्या आणि क्विंटलांच्या भाषेत नेहमी होते, मात्र त्या चर्चेत भुलाबाईच्या मखराची नोंद कोणी घेत नाही.

कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधल्या पंधरवड्यातच, आश्विन वद्य पंचमीला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी येते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले, आणि अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात दरवर्षी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे एकाच वेळी स्तब्ध उभी राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतात. सोंगणी ऐन भरात असताना, मजुरीचा एक दिवस बुडवून, भगव्या टोप्या घातलेली माणसे मिळेल त्या वाहनाने मोझरीला निघतात ही गोष्ट, कामाच्या दिवसांतील सुट्टी कोण कशासाठी घेतो हे समजण्यास उपयोगी आहे. मजुराच्या घरात पगारी रजा नावाची वस्तू नसते. त्यामुळे तो जी सुट्टी घेतो ती मोजून-मापून आणि किंमत देऊन घेतलेली असते.

कापूस वेचणीचे काम मात्र बहुतांशी बायकांचे आहे आणि वऱ्हाडच्या दिवाळीचा खरा ताल तेच ठरवते. वेचणीच्या आरंभी घरची बाई वावरात ‘सीतादही’ करते; उमललेल्या बोंडांच्या काही झाडांशी पूजा मांडून तेथे दहीभात ठेवतात आणि मग पहिला कापूस काढतात. उभ्या कपाशीला येथे ‘पऱ्हाटी’ म्हणतात. वेचणारी बाई कमरेला फडक्याची ओटी बांधते, लुगड्यावर किंवा पातळावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवते, कारण दाट पऱ्हाटीच्या काड्यांनी हात ओरबाडले जातात, आणि डोक्याला रुमाल घट्ट आवळते. हा रुमाल उन्हासाठी असतो तसाच कापसासाठीही असतो, कारण वेचलेल्या कापसात गेलेला केस किंवा प्लॅस्टिकचा धागा सुताच्या गिरणीपर्यंत टिकतो आणि कापडात डाग होऊन उमटतो. बोंड उमलून वाळले की त्याच्या पाकळ्यांची टोके सुईसारखी कडक होतात. नवख्या बोटांना नखांच्या कडेला पहिल्याच दिवशी चिरा पडतात, तर सरावलेली बाई तीन बोटांच्या एका हिसक्यात बोंडातला सगळा कापूस, वाळकी पत्ती न लागू देता, उचलून घेते आणि दोन्ही हातांनी दोन झाडे एकाच वेळी रिकामी करते. या कौशल्याला कोणतेही प्रमाणपत्र नाही; ते आईच्या शेजारच्या ओळीत चालून येते.

या कामातला एक बारीक झगडा दिवस उगवताच सुरू होतो. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि कृषी खात्याची माणसे शेतकऱ्यांना सांगतात की वेचणी सकाळच्या थंड वेळी करावी, कारण दवाने मऊ झालेली पत्ती चुरडून कापसाला चिकटत नाही. वेचणारीलाही सकाळ सोयीची असते, कारण ऊन कमी असते आणि मजुरी किलोवर असल्यामुळे दवाचे वजन तिच्या बाजूने पडते. शेतकऱ्याला मात्र ते वजन नको असते. भारतीय कपास महामंडळ खरेदी करताना कापसातील ओलावा ८ टक्के धरून भाव ठरवते, १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेते आणि त्यापुढचा कापूस परत पाठवते. त्यामुळे ‘ऊन वर येऊ द्या’ असे शेतकरीण म्हणते, ‘मग ऊन आमच्या डोक्यावर येईल ना, मामी’ असे मजूर बाया म्हणतात, आणि अखेर दोघींच्या मधली कुठलीतरी वेळ ठरते. संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगला जातो. प्रत्येकीचे गाठोडे मोजताना बाकीच्या जणी आकडा कान देऊन ऐकतात, ‘किती झालं वो तुयं?’ असे विचारतात, आणि ज्या बाईचे सर्वांत जास्त भरते तिच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो पैशांचाच असतो असे मानण्याचे कारण नाही.

दुपारच्या जेवणाचे सुखही याच कामाचा भाग आहे. निंबाच्या सावलीत फडकी सोडली जातात. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, घट्ट बेसन, अंबाडीची भाजी हे नेहमीचे पदार्थ, आणि दिवाळीच्या आठवड्यात त्यांत शेतकरणीने कागदात बांधून आणलेला चिवडा व शेव यांची भर पडते. धुऱ्यावरच्या झाडाचे डोळे उघडलेले सीताफळ ज्या मुलाला आधी दिसते त्याचे होते, असा अलिखित नियम सर्वत्र पाळला जातो. पूर्वी पऱ्हाटीच्या तासांतून शेंदाडाचे वेल आपोआप पसरत आणि त्यांची आंबट-गोड, पिकली की फुटणारी फळे वेचणीच्या तहानेवर उपयोगी पडत. तणनाशकांची फवारणी रूढ झाल्यापासून ती दिसेनाशी झाली आहेत. शहरातून आलेल्या नातवंडांना आजी त्या फळाची चव समजावून सांगू पाहते आणि शेवटी बाजारातले टरबूज-खरबूज यांची नावे घेऊन वेळ मारून नेते.

वेचलेला कापूस विकला जाईपर्यंत राहतो कोठे, या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडी दिवाळीचे सारे वेगळेपण दाखवते. भाव वाढेल या आशेने तो घरात भरला जातो. पुढची खोली, कधी माजघर, छतापर्यंत पांढऱ्या ढिगाने भरते, माणसांच्या पथाऱ्या ओसरीवर येतात, आणि मुलांना उडी मारण्यासाठी जगातील उत्तम गादी मिळते. या सुखाची किंमत खाजेत मोजावी लागते, कारण साठवलेल्या कापसातील सूक्ष्म किड्यांनी अंगावर पुरळ उठते आणि आईने खोबरेल तेल चोळून दिले तरी रात्रभर ओरखडणे थांबत नाही. फटाक्यांविषयीची सावधगिरीही येथूनच आली आहे. घरात कापूस आणि मागे सोयाबीनची सुडी असताना एका ठिणगीत वर्ष राख होते, म्हणून घरातला म्हातारा माणूस लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पूजेपेक्षा गल्लीतल्या पोरांच्या हातांकडे अधिक लक्ष ठेवतो, पणत्या कापसाच्या खोलीच्या उंबरठ्यापासून लांब मांडल्या जातात आणि रॉकेट उडवायला मुलांना गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत हाकलले जाते.

पणत्यांच्या वाती मात्र त्याच ढिगातून येतात. पहिल्या वेच्यातला चांगला, डाग नसलेला कापूस आजी बाजूला काढते, बोटांनी सरकी, म्हणजे बी, वेगळी करते आणि उरलेल्या रुईचा पेळू पायाच्या नडगीवर राखेच्या बोटाने वळत जाते. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये ढोबळमानाने एक तृतीयांश रुई आणि दोन तृतीयांश सरकी निघते, हे गणित या वाती वळताना नातवाच्या हाताला आपोआप कळते. गावातल्या घरांची दिवाळीपूर्व साफसफाई, पांढऱ्या मातीचा पोतारा, शेणाचे सारवण, वाकळा नदीवर नेऊन धुणे, ही कामे वेचणीच्या दिवसांत सकाळच्या चारपासून आणि रात्री जेवणे झाल्यावर केली जातात, आणि फराळही रात्रीचाच होतो. शेजारच्या तीन-चार घरांतल्या बाया एकेका रात्री एकेकीच्या चुलीशी जमतात, एक पीठ मळते, एक करंज्या लाटते, एक तळते, आणि अनारसे जाळीदार उतरले की नाही याचा निर्णय त्यांच्यातली वडीलधारी मावशी देते. दिवसभर वाकलेली पाठ भिंतीला टेकवून, गरम शेव तोंडात टाकत चाललेल्या या गप्पांना सुट्टी हा शब्द लावायचा की काम हा, हे त्या बायांना विचारले तर त्या हसतील. येथे आणखी एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. ज्या सोयाबीनसाठी घराने जागरणे केली ते दाणे या स्वयंपाकघरात सहसा शिजत नाहीत. ते पोत्यातून बाजारात जातात आणि काही महिन्यांनी तेलाच्या डब्यांत भरून, छापील किमतीला, चकल्या तळण्यासाठी परत येतात.

शहरांतील नोकरदार घरांचे चित्र यापेक्षा निराळे असले तरी तुटलेले नाही. अमरावती-अकोल्यातील पुष्कळ शिक्षक, कारकून आणि बँक कर्मचारी यांच्या नावे गावाकडे चार-सहा एकर वावर असते, आणि सुट्टी लागताच उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बरोबर घेऊन ते गावी पोहोचतात. तपासणी ओसरीवर आणि मळणीची देखरेख वावरात, अशी त्यांची सुट्टी विभागली जाते. पुण्या-मुंबईकडे गेलेली मुले खासगी बसचे दुप्पट झालेले भाडे मोजून, अथवा महिना-महिना आधी रेल्वेचे आरक्षण करून, बडनेऱ्याला आणि अकोल्याला उतरतात. वरूड-मोर्शीकडच्या घरांत याच दिवसांत आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची, संत्री पिवळी होऊ लागतात आणि परतणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत त्यांतली दोन-चार किलो जातात.

मुलांनी या दिवसांत काम करावे की करू नये, हा प्रश्न या प्रदेशाच्या शेजारीच एकदा मोठ्या गंभीरपणे चर्चिला गेला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, म्हणजे कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत, वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधारे, विशेषतः कापूस पिंजणे व सूत कातणे यांच्या आधारे, शिक्षण देण्याची जी योजना तेथे पुढे आली ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादक कामाचा अनुभव, हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा अशी शिफारस केली. वेळापत्रकात या विषयाला जागा मिळाली, परंतु बहुतेक शाळांत तो कागदी फुले आणि दिवाळीपूर्वीचे आकाशकंदील यांपुरता उरला, आणि जे मूल घरी ओलाव्याचा अंदाज दाताखाली सरकी फोडून घेते, काट्यावरचे वजन बिनचूक वाचते आणि उक्त्याचा हिशेब तोंडी करते, त्याच्या या ज्ञानाला गुणपत्रिकेत रकाना मिळाला नाही.

तथापि या कौतुकाला मर्यादा घालणे आवश्यक आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, आणि त्याच वेळी शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसेल अशा कामात, स्वतःच्या कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. ज्या घराचे वावर स्वतःचे आहे तेथे ही मुभा अर्थपूर्ण आहे, कारण तेथील मूल कंटाळले की सीताफळाच्या झाडाखाली जाऊन बसू शकते. ज्या घराला वावर नाही तेथील दहा-अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर दुसऱ्याच्या वावरात जाते. तिने वेचलेला कापूस आईच्या गाठोड्यात मोजला जातो, म्हणून कागदोपत्री ती मजूर ठरत नाही, आणि तिचे सहा-सात किलो धरूनच त्या घरची दिवाळीची साडी ठरलेली असते. उद्धव शेळके यांनी ‘धग’ या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत कौतिक या कष्टकरी स्त्रीच्या संसारातून ज्या हिशेबाचे दर्शन घडवले, त्यातले आकडे बदलले असले तरी त्याची रीत अजून पुष्कळशी तशीच आहे. मदत आणि मजुरी यांच्यातली रेषा कायद्याने आखली असली, तरी वऱ्हाडात ती सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून जाते.

पाडव्याला, म्हणजे बलिप्रतिपदेला, वेचणी बंद असते. त्या दिवशी ‘गायगोधन’ होते; गाईबैलांना धुऊन, शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरांच्या माळा बांधून गावाच्या मोकळ्या जागेत आणतात, आणि जेथे गोवारी समाजाची घरे आहेत तेथे डफ-बासरीच्या सुरावर गुराख्यांची नाचगाणी होतात. उत्तरेकडे मेळघाटात दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांना याच कारणाने घुंगरू बाजार म्हणतात, कारण ‘थाट्या’ म्हणजे गुराखी तेथे पायांत घुंगरू बांधून नाचतात आणि वर्षभर गुरे राखल्याचे मानधन मागतात. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ घरांत बैलजोडी राहिलेली नाही. तेथे शेजाऱ्याचा बैल दारात आणून ओवाळला जातो, आणि काही उत्साही तरुण ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घालतात. हे पाहून नाक मुरडणारे बरेच आहेत. परंतु ज्याच्या जोरावर वर्षाचे काम झाले त्याला ओवाळणे हाच सणाचा अर्थ असेल तर ट्रॅक्टरला नाकारण्याचे कारण दिसत नाही.

भाऊबीज हा वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेला एकमेव खराखुरा सुट्टीचा दिवस म्हणता येईल, आणि तोही तिला भांडून मिळवावा लागतो. एसटीच्या उभ्या गर्दीतून ती माहेरी जाते, भावाला ओवाळते, वहिनीच्या हातचे आयते दोन घास खाते आणि आईजवळ दुपारभर आडवी पडते. पूर्वी हा मुक्काम आठ-आठ दिवसांचा असे, असे म्हाताऱ्या बाया सांगतात. संकरित आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी वाणांची बोंडे थोड्या दिवसांत एकदम फुटतात, कापूस झाडावर लोंबत राहिला तर वाऱ्याने गळतो व पावसाने पिवळा पडून ‘कवडी’ होतो, म्हणजे डागाळून कमी भावाचा ठरतो, आणि मजुरीचा दर याच दिवसांत चढा असतो. त्यामुळे माहेरचा मुक्काम आता दोन रात्रींवर आला आहे. मोबाइलवर शेतकरणीचा निरोप येतो, ‘परवा लावतो वेचा, येजो वो बाई’, आणि माहेराच्या पिशवीत करंज्या, नवी बांगड्यांची पेटी आणि भावाने दिलेली साडी घालून ती परतीच्या गाडीत बसते. ज्यांना तेवढीही सवड झाली नाही त्या पौर्णिमेनंतर वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरच्या यात्रेत, रुक्मिणीच्या माहेरी, आई-बहिणींची गाठ घेतात.

शाळा उघडतात तेव्हा कपाशीचा दुसरा वेचा ऐन भरात असतो आणि हरभऱ्याला पहिली पालवी फुटलेली असते. खेड्यांतल्या वर्गांत पहिल्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे दिसतात. जुना, गावाची माहिती असलेला शिक्षक त्या दिवसांत नवा धडा घेत नाही. मागच्या सत्राची उजळणी घेतो, हजेरीत गैरहजर मुलींची नावे ओळखतो, संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आईला ‘सोमवारपासून पाठवा, ताई’ असे सांगतो, आणि ‘एवढं वावर उरकू द्या, गुरुजी’ हे उत्तर ऐकून पुढच्या घराकडे वळतो.